क्लच आणि थ्रॉटल : जुन्या मोटारीतील दोषनिदान व त्याची भाषा

१. 'निदान' या शब्दाविषयी

मराठीत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. 'निदान दोन दिवस तरी राहा' या वाक्यात तो 'कमीत कमी' या अर्थाचे अव्यय असतो. वैद्याच्या तोंडी तोच शब्द रोग ओळखण्याच्या क्रियेचे नाव होतो. याहून जुना असा त्याचा आणखी एक अर्थ आज विस्मृतीत गेला आहे. ऋग्वेदात 'निदान' म्हणजे बांधण्याची दोरी, दावे. दाव्याचे एक टोक खुंट्याला असते आणि दुसरे जनावराच्या गळ्यात. या बांधलेपणावरूनच पुढे 'ज्याला कार्य बांधलेले असते ते', म्हणजे मूळ कारण, हा अर्थ आला असावा असे मानता येते. बौद्ध विचारातील द्वादश निदाने ही अशीच एकमेकांस बांधलेल्या कारणांची साखळी आहे. आयुर्वेदाने निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत. त्या यादीत 'निदान' म्हणजे केवळ कारण. परंतु पुढे एका अंगाचे नाव संपूर्ण क्रियेस मिळाले आणि पाचही साधनांनी जे साधायचे त्यालाच निदान म्हणण्याची रीत पडली.

यंत्रातील दोष ओळखण्याच्या क्रियेचा विचार करताना या शब्दाचा जुना अर्थ मार्गदर्शक ठरतो. जुन्या मोटारीत पायाखालचे पेडल आणि इंजिनाजवळचा कार्यकारी भाग हे खरोखरच एकमेकांस बांधलेले असतात. दोरीऐवजी तेथे लोखंडी दांड्या, खिट्ट्या, काटे आणि स्प्रिंगा असतात, एवढाच भेद. चालकाला जाणवते ते या दाव्याच्या एका टोकाला. बिघाड दुसऱ्या टोकाला असेल किंवा मधल्या एखाद्या गाठीत असेल. प्रस्तुत लेखात क्लच आणि थ्रॉटल या दोन यंत्रणांच्या जोडणीतील दोष कसे ओळखावेत याचे विवेचन केले आहे. आणि त्या ओघात, दोष सांगण्यासाठी वापरली जाणारी भाषा निदानाला कोठे साहाय्य करते व कोठे चकवते, हेही पाहिले आहे.

२. नावाखाली झाकलेली साखळी

'क्लच' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पकड. मोटारीत इंजिनाची गती गियरपेटीकडे नेणारी किंवा तोडणारी जी पकड असते तिचे हे नाव. मराठी बोलीत मात्र त्याची व्याप्ती वाढली आहे. 'क्लचवर पाय ठेवू नकोस' या वाक्यात क्लच म्हणजे पेडल. 'क्लच जळला' या वाक्यात क्लच म्हणजे प्लेटवरचे अस्तर. 'क्लच नवीन बसवला' या वाक्यात क्लच म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग यांचा संच. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हे लक्षणेचे व्यापार आहेत : संबंधामुळे एका वस्तूचे नाव दुसरीस लागले आहे. 'अ‍ॅक्सिलरेटर' या शब्दाचेही तसेच. तो पायाखालच्या पेडलाचे नाव आहे आणि 'अ‍ॅक्सिलरेटर अडकला' असे म्हणताना तो कार्ब्युरेटरमधल्या झडपेचेही नाव होतो.

व्यवहारात या लक्षणेने काही बिघडत नाही. निदानाच्या वेळी मात्र बिघडते. नाव दोन्ही टोकांना मिळाले, पण मधल्या जोडणीला मिळाले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याच्याकडे लक्षही जात नाही. 'क्लच गेला' असे शब्द उच्चारले गेले की मन पेडलावरून एकदम प्लेटवर उडी मारते. दांडीची खिट्टी झिजली असेल, काट्याचा आटा फिरला असेल, स्प्रिंग ताणून निकामी झाली असेल, या शक्यता त्या उडीखाली राहून जातात.

क्रियापदांचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. चालक 'क्लच सोडला' म्हणतो तेव्हा त्याने पाय उचललेला असतो. पण त्याच क्षणी यंत्रातील पकड लागते. तो 'क्लच दाबला' म्हणतो तेव्हा पकड सुटते. मिस्त्री मात्र 'क्लच सुटत नाही' असे म्हणतो तेव्हा तो पायाविषयी बोलत नसून प्लेटविषयी बोलत असतो. 'सोडणे' आणि 'सुटणे' ही एकाच धातुकुळातील सकर्मक-अकर्मक जोडी. तरी या प्रसंगी त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध टोकांना जातात, कारण एकीचे कर्म पेडल आहे आणि दुसरीचा कर्ता प्लेट. इंग्रजीतही क्लच 'आत' आणि 'बाहेर' करण्याच्या वाक्प्रचारांत असाच गोंधळ आहे, तेव्हा हा मराठीचा दोष नव्हे. तक्रार ऐकणाऱ्याने मात्र पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा, की बोलणारा पेडलाविषयी सांगत आहे की प्लेटविषयी?

३. उदाहरणाची मोटार

विवेचन नेमके व्हावे म्हणून फोर्ड कंपनीची मॉडेल ए ही मोटार उदाहरणादाखल घेतली आहे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये ती अमेरिकेत लोकांसमोर आली आणि १९३१ अखेरपर्यंतच्या अल्प काळात तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. तिच्या आधीच्या मॉडेल टी मध्ये तीन पेडले होती खरी, पण त्यांत अ‍ॅक्सिलरेटर नव्हताच. थ्रॉटल हाताच्या तरफेने चाले व डावे पेडल गियर बदलण्याचे काम करी. मॉडेल ए मध्ये क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ही आजच्या चालकाला परिचित अशी मांडणी आली. इंजिन चार सिलिंडरांचे, २००.५ घन इंचांचे, २,२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती देणारे. गियर पुढचे तीन. आरंभीच्या गाड्यांत अनेक प्लेटांचा क्लच होता. १९२८ च्या अखेरीस ९ इंच व्यासाच्या एकेरी कोरड्या प्लेटचा क्लच आला.

या मोटारीची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. क्लच व थ्रॉटल यांच्या जोडण्या पूर्णपणे यांत्रिक आहेत. मध्ये तेलाचा दाब किंवा विद्युत्संकेत नाही. त्यामुळे जोडणीचा प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहता येतो व बोटांनी हलवता येतो. दुसरे असे, की सुकाणूच्या चाकाखाली दोन लहान तरफा आहेत : एक थ्रॉटलची, दुसरी ठिणगी आधी वा नंतर पाडण्याची. म्हणजे थ्रॉटल पायानेही उघडता येतो व हातानेही. ही हाताची तरफ निदानाचे उत्तम साधन ठरते, हे पुढे दिसेल.

निदान चुकल्यास काय होते हेही येथेच सांगितले पाहिजे. या मोटारीत मागच्या आसापर्यंत जाणारा फिरता दंड एका बंद नळीत आहे. क्लच प्लेट काढायची तर गियरपेटी काढावी लागते, आणि ती काढण्यासाठी संपूर्ण मागचा आस सोडवून मागे ओढावा लागतो. जोडणीतील एक खिट्टी बदलणे हे तासाभराचे काम. प्लेट बदलणे हे दिवसांचे. शिवाय नव्वद वर्षांहून जुने बोल्ट सोडवताना तुटतात, आटे जातात आणि मूळचे भाग कायमचे हरवतात. भारत सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज वाहने म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, तीही वाहन मूळ स्वरूपात राखले जावे या अटीवर. त्यामुळे विनाकारण उलगडलेली यंत्रणा ही केवळ खर्चाची बाब राहत नाही.

४. 'गाडी ओढत नाही'

जुन्या मोटारीविषयीची सर्वांत सामान्य तक्रार 'गाडी ओढत नाही' किंवा 'पिकअप घेत नाही' अशी असते. हे वाक्य परिणाम सांगते, कारण सांगत नाही. त्यामागे निदान तीन स्वतंत्र कारणे असू शकतात. क्लचची पकड सैल असेल, म्हणजे क्लच घसरत असेल. थ्रॉटलची झडप पुरती उघडत नसेल. किंवा ठिणगीची तरफ मागे राहिल्यामुळे ठिणगी उशिरा पडत असेल. चालकाच्या पाठीला जाणवणारा अनुभव तिन्हींत सारखाच.

त्यांतील भेद ओळखण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ऐकाव्या लागतात : इंजिनाची गती आणि गाडीची गती. चढावर वरच्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही, तर पकड घसरत आहे. जळक्या अस्तराचा वास येऊ लागला तर शंका उरत नाही. इंजिनाचा आवाजच चढत नसेल, तर क्लच निर्दोष मानून थ्रॉटल व ठिणगी यांकडे वळले पाहिजे. यांपैकी ठिणगीची परीक्षा क्षणाची आहे : तरफ पुढे घ्यावी. गाडी ओढू लागली तर यंत्रात दोष नव्हताच; दोष चालकाच्या विस्मरणात होता. ठिणगी मागे ठेवून दीर्घकाळ चालवलेले इंजिन तापते, हे त्याचे सोबतचे लक्षण.

भाषाभ्यासकाला ही रीत परिचित वाटेल. 'काल' आणि 'गाल' या शब्दांत बाकी सर्व तेच ठेवून एकच ध्वनी बदलला असता अर्थ बदलतो, यावरून 'क' आणि 'ग' हे मराठीत स्वतंत्र वर्ण ठरतात. यंत्राच्या निदानातही बाकी सर्व स्थिर ठेवून एकच घटक बदलावा आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. एकाच वेळी क्लच आवळला, कार्ब्युरेटर साफ केला आणि ठिणगी जुळवली, तर गाडी कदाचित सुधारेल; परंतु कशामुळे सुधारली हे कळणार नाही, आणि दोष परतला की सर्व परिश्रम पुन्हा आरंभापासून करावे लागतील.

५. मोकळी चाल आणि दोन विरुद्ध झिजा

क्लच पेडल हाताने दाबले असता आरंभीचा काही भाग अगदी हलका जातो व त्यानंतर प्रतिकार लागतो. या हलक्या भागाला मोकळी चाल म्हणता येईल. मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात. मॉडेल ए मध्ये ही चाल पेडलापाशी सुमारे १ इंच असावी लागते. पेडल सोडलेले असताना रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या तरफा यांच्यामध्ये थोडे अंतर राहिले पाहिजे. ते अंतर पेडलापाशी मोठे होऊन दिसते, तीच ही चाल.

प्लेटवरचे अस्तर झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि तिच्या तरफांची आतली टोके उलट, बेअरिंगच्या दिशेने, येतात. म्हणजे अस्तराच्या झिजेने मोकळी चाल कमी होत जाते. ती शून्यावर आली की बेअरिंग तरफांना सतत टेकून राहते. पाय पेडलावर नसतानाही क्लच अंशतः दाबलेलाच राहतो आणि घसरू लागतो. येथवर दोष केवळ जुळवणीचा आहे : दांडीच्या टोकाशी असलेली दोन पाखांची कडी, म्हणजे क्लेव्हिस, तिची खिट्टी काढून फिरवली व दांडीची लांबी बदलली की चाल पूर्ववत होते. पण गाडी तशीच चालवत राहिल्यास घसरण्याने उष्णता होते, उष्णतेने अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते, आणि मग जुळवणी करूनही घसरणे थांबत नाही. दोष कसा वाढत जातो याच्या या क्रमालाच आयुर्वेद संप्राप्ती म्हणतो. एका इंचाच्या चालीकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत शेवटी मागचा आस सोडवून द्यावी लागते.

आता दुसरी झीज पाहावी. जोडणीतील खिट्ट्या व त्यांची भोके वापराने झिजतात. सांधे सैल होतात. ही झीज मोकळी चाल वाढवते. म्हणजे अस्तराची झीज चाल घटवते आणि सांध्यांची झीज ती वाढवते. दोन्ही झिजा एकाच वेळी झालेल्या असतील, आणि जुन्या मोटारीत त्या बहुधा तशाच असतात, तर त्या एकमेकींना झाकतात. पेडलापाशी मोजले तर बरोबर १ इंच चाल मिळते; पुस्तकाशी ताडून पाहणारा समाधान पावतो. वस्तुतः तो सर्व इंच सैल सांध्यांचा असतो आणि बेअरिंग तरफांना टेकलेलेच असते. क्लच घसरत राहतो; आणि 'जुळवणी तर बरोबर आहे, तेव्हा प्लेटच गेली' असा निष्कर्ष काढला जातो.

या फसवणुकीवर उपाय एकच : चाल पेडलापाशी न मोजता साखळीच्या प्रत्येक सांध्यापाशी तपासावी. एका माणसाने पेडल हलके हलके खालीवर करावे व दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर बोट ठेवावे. जेथे अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा हलत नाही, तेथे झीज आहे. समजा पेडल आणि बेअरिंग यांच्या चालीचे प्रमाण १० : १ आहे, तर पेडलाच्या १ इंच चालीला बेअरिंगपाशी केवळ एकदशांश इंच अंतर मिळते. यावरून हेही कळते की बेअरिंगजवळच्या सांध्यातील अल्प झीज पेडलापाशी मोठी दिसते, तर पेडलाजवळच्या सांध्यातील तेवढीच झीज लहान दिसते. म्हणून तपासणी बेअरिंगकडील टोकापासून सुरू करणे फायद्याचे. झिजलेल्या खिट्ट्या बदलल्यानंतरच चाल जुळवावी. आधी जुळवणी आणि मग खिट्ट्या असा क्रम केल्यास जुळवणी व्यर्थ जाते.

खिट्ट्या बदलून व चाल जुळवून गाडी चढावर न्यावी. घसरणे थांबले तर दोष जोडणीत होता. थांबले नाही तर अस्तर, तेलाचा शिरकाव किंवा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा यांचा विचार क्रमप्राप्त होतो. उपचार करून पाहून रोग ओळखण्याच्या या पद्धतीला आयुर्वेदात उपशय म्हणतात. तिची अट एवढीच, की उपचार स्वस्त, निरुपद्रवी आणि परत फिरवता येण्याजोगा असावा. चाल जुळवणे ही अट पाळते. गियरपेटी उतरवणे ती पाळत नाही.

६. 'गियर पडत नाही'

क्लच घसरणे हा पकड न लागण्याचा दोष. पकड न सुटणे हा त्याच्या उलट. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फिरत राहते, गियर टाकताना करकर आवाज होतो, आणि गियर पडलाच तर पेडल दाबलेले असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. मोकळी चाल फार वाढली असेल तर हे घडते, कारण पेडलाचा बराचसा प्रवास सैल सांधे भरून काढण्यातच संपतो.

परंतु 'गियर करकरतो, म्हणून क्लच सुटत नाही' हे अनुमान घाईचे आहे. न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण येथे आठवावे. धूर आहे म्हणून अग्नी आहे हे अनुमान निर्दोष. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे हे सदोष, कारण धूर होण्यास ओल्या सरपणाची अट लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. गियरच्या आवाजाच्या अनुमानातही एक उपाधी आहे : पेडल दाबल्यावर गियरपेटीतील फिरणारे भाग थांबण्याइतका वेळ गेला पाहिजे. गियरांच्या गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये प्रथम आणली. मॉडेल ए मध्ये ती नाही. निर्दोष क्लच असलेल्या मॉडेल ए मध्येही पेडल दाबताक्षणी पहिला गियर टाकला तर करकर होणारच. आधुनिक मोटारीवर हात बसलेला चालक आपल्या सवयीचा दोष अशा वेळी यंत्रावर लादतो. मातृभाषेचे उच्चार परभाषेत नेणाऱ्याने त्या भाषेलाच अवघड म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून परीक्षा अशी करावी : इंजिन मंद गतीवर चालू, गियर न्यूट्रलमध्ये, पेडल पूर्ण दाबलेले. काही सेकंद थांबून मग मागचा गियर टाकावा. आता आवाज झाला तरच क्लच सुटत नाही असे म्हणता येईल. त्यानंतरही प्लेटचा दोष सिद्ध होत नाही. फ्लायव्हीलच्या मध्यभागी गियरपेटीच्या दंडाचे टोक पेलणारे एक लहान पायलट बेअरिंग असते. ते अडकले तर प्लेट सुटूनही दंड फिरत राहतो आणि लक्षण हुबेहूब तेच दिसते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत पावसाळा काढलेल्या गाडीत, प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पहिल्या प्रकारात दोष हळूहळू वाढतो. दुसऱ्यात तो एकाएकी, गाडी बाहेर काढल्याच्या पहिल्याच दिवशी दिसतो. तेव्हा 'हे केव्हापासून?' हा प्रश्नही निदानाचे एक साधन आहे.

येथे थ्रॉटलचा एक दोष क्लचच्या वेषात येतो. थ्रॉटल पूर्ण मिटत नसेल तर इंजिनाची मंद गती वाढलेली राहते. वाढलेल्या गतीने गियरपेटीतील भाग अधिक वेगाने फिरतात, थांबण्यास अधिक वेळ घेतात, आणि गियर करकरतो. तक्रार क्लचची होते. दोष कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दांडीत असतो. म्हणून पकड सुटण्याची परीक्षा घेण्यापूर्वी इंजिनाची मंद गती खरोखर मंद आहे याची खात्री केली पाहिजे.

७. थ्रॉटलची जोडणी

कार्ब्युरेटरच्या वाटेत धातूची एक गोल चकती आडव्या आसावर फिरते, ती थ्रॉटलची झडप. पेडलापासून तिच्यापर्यंत गोळी-वाटीच्या सांध्यांनी जोडलेल्या दांड्या जातात. या जोडणीचे कार्य दुहेरी आहे : झडप पूर्ण उघडणे आणि पूर्ण मिटणे. पहिल्यातील उणीव गाडीला मंद करते; दुसरीतील उणीव प्राणघातक ठरू शकते.

उघडण्याची परीक्षा इंजिन बंद ठेवून करावी. एकाने पेडल जमिनीपर्यंत दाबावे, दुसऱ्याने कार्ब्युरेटरवरची तरफ तिच्या अडणीपर्यंत पोहोचते का ते पाहावे. पोहोचत नसेल तर दांडीची लांबी, वाकलेला भाग, किंवा पेडलाखाली जमलेले जाड आच्छादन यांपैकी काहीतरी कारण असते. गाडीची अंतर्गत सजावट नव्याने केल्यानंतर 'गाडी ओढत नाही' अशी तक्रार सुरू झाली असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी पायाखालचा गालिचा उचलून पाहावा.

मिटण्याची परीक्षा याहून काळजीपूर्वक करावी लागते. कार्ब्युरेटरपाशी दांडी सोडवावी आणि झडपेची तरफ बोटाने फिरवावी. ती मोकळी फिरत असेल तर अडथळा जोडणीत आहे. ती जड असेल तर आसात किंवा झडपेत आहे. एका सांध्याने साखळीचे असे दोन भाग पाडले, की अर्धी शंका तेथेच मिटते. जोडणीत अडथळा असेल तर दांडी कोठे घासते, सांध्यात वाळलेले तेल व धूळ साचली आहे का, परतीची स्प्रिंग ढिली झाली आहे का, हे क्रमाने पाहावे. झिजलेल्या सांध्यांत आणखी एक धोका असतो : पेडल पूर्ण दाबले असता दांडी आणि तरफ एका सरळ रेषेत येतात आणि तेथेच अडकून राहतात, कारण त्या स्थितीत स्प्रिंगेच्या ओढीला तरफ फिरवता येत नाही. हा दोष अर्ध्या थ्रॉटलवर कधीच दिसत नाही; चढ चढून गेल्यावर, पेडल तळाशी नेलेले असतानाच तो प्रकट होतो. म्हणून परीक्षा नेहमी पूर्ण चालीची घ्यावी.

आस झिजला असेल तर त्याच्या कडेने हवा आत शिरते आणि इंजिन मंद गतीवर अडखळते. पुष्कळदा मंद गतीचा स्क्रू आवळून हे अडखळणे झाकले जाते. मग इंजिन बंद पडत नाही, पण गती वाढते आणि वर सांगितल्याप्रमाणे गियर करकरू लागतो. एका झिजलेल्या आसापासून क्लचच्या तक्रारीपर्यंतची ही साखळी उलटी वाचत गेल्याशिवाय उलगडत नाही.

चालत्या गाडीत थ्रॉटल उघडा अडकला तर केवळ क्लच दाबणे पुरेसे नाही. भार सुटलेले इंजिन बेफाम फिरते. क्लच दाबण्याबरोबरच इग्निशन बंद करावे आणि ब्रेक लावावा. हाताची तरफ खाली राहिलेली नाही ना, हे मात्र प्रवासाला निघण्यापूर्वीच पाहण्याची सवय असावी.

८. 'धक्के देते'

गाडी जागेवरून हलताना थरथरत, धक्के देत निघते, हे लक्षण दोन्ही यंत्रणांच्या सीमेवरचे आहे. अस्तरावर तेल आले असेल, प्लेट असमान झिजली असेल किंवा इंजिनाचे आधार ढिले झाले असतील, तर क्लच थरथरत लागतो. उलट, थ्रॉटलचे सांधे सैल असतील तर पायाची हालचाल झडपेपर्यंत तुटक पोहोचते आणि इंजिनच धक्क्याधक्क्याने ओढते. शिवाय दोन्ही एकमेकांना पोसतात : गाडीचा पहिला धक्का चालकाच्या पायाला बसतो, पाय पेडलावर हलतो, आणि पुढचा धक्का थ्रॉटल देतो.

येथे सुकाणूखालची तरफ उपयोगी पडते. मोकळ्या, सपाट जागी हाताच्या तरफेने इंजिनाची गती किंचित वाढवून स्थिर ठेवावी, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढून ब्रेकजवळ ठेवावा, आणि पहिल्या गियरमध्ये क्लच पेडल सावकाश सोडावे. आता थ्रॉटल स्थिर आहे. बदलणारा घटक एकटा क्लच. धक्के नाहीसे झाले तर दोष अ‍ॅक्सिलरेटरच्या जोडणीत किंवा पायात आहे. ते तसेच राहिले तर क्लच, त्याची जोडणी व इंजिनाचे आधार यांकडे वळावे. पुढील काळातील मोटारींतून हाताची थ्रॉटल-तरफ नाहीशी झाली, तेव्हा आरामाबरोबर निदानाचे हे साधनही गेले.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून दोषनिदानाचा एक क्रम हाती येतो. प्रथम तक्रारीचे वाक्य तपासावे : ते कोणत्या टोकाविषयी आहे, आणि ते परिणाम सांगते की कारण? नंतर त्या वाक्याला लागू पडणारी सर्व कारणे मांडावीत व एका वेळी एकच घटक बदलून ती वेगळी करावीत. शेवटी पेडलापासून कार्यकारी भागापर्यंतची साखळी सांध्यासांध्याने तपासावी, आणि स्वस्त व परत फिरवता येणारा उपचार आधी करावा.

नावे सोयीसाठी असतात आणि सोयीसाठीच ती दोन टोकांना एक करतात. 'क्लच गेला' हे वाक्य खोटे नसते; ते अपुरे असते. पेडल आणि प्लेट यांच्यामध्ये जे बांधलेले आहे ते पाहणे, हेच 'निदान' या शब्दाच्या जुन्या अर्थाला धरून केलेले निदान होय. जुन्या मोटारीत ती जोडणी डोळ्यांना दिसते व हाताला लागते. तिच्याकडे प्रथम न पाहता मागचा आस सोडवणे म्हणजे दावे न तपासता खुंटाच उपटणे होय.